९.८ बसवण्याआधी : फिजिक्स प्रॅक्टिकलच्या तयारीची यादी

सुरुवात घरी, वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर. तिथं आपल्या भागातला g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण (मीटर प्रति सेकंद वर्गात), लिहून ठेवा. पुस्तकात ९.८ किंवा ९.८१ असतो. मराठवाडा साधारण १८ ते २० अक्षांशांदरम्यान येतो आणि समुद्रसपाटीपासून काही शे मीटर उंच आहे, त्यामुळे लातूर असो की जालना, इथं g ९.७८ च्या आसपासच भरतो. ९.८१ हा युरोपातल्या अक्षांशांचा आकडा. त्याच पानावर आणखी दोन नोंदी करा : छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं, आणि हवा ३० अंशांची असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, ३४३ हा २० अंशांचा आकडा आहे. थर्मामीटर ९८ वर थांबला की तो बिघडलाय असं समजून वहीत १०० लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. हे पान त्यांच्यासाठी.

प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात लॅबमध्ये जाऊन उपकरणं एकदा हाताळून घ्या. प्रत्येकाचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सर्वात लहान माप) स्वतः काढा, पाठ केलेला नको. व्हर्निअरचा बहुधा ०.०१ सेंटिमीटर निघेल, स्क्रू गेजचा ०.०१ मिलिमीटर, पण लॅबच्या कपाटात वेगळा नगही निघू शकतो. मग जबडे मिटवून झिरो एरर बघा. मिटलेल्या स्थितीत जे रीडिंग दिसेल ते पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचं. ते ऋण असेल तर वजा करताना आपोआप मिळवलं जाईल. अधिक की उणे हा गोंधळ एवढ्यावर मिटतो. स्क्रू गेज रॅचेटनेच फिरवा आणि एकाच दिशेनं, मागेपुढे केलं की बॅकलॅश (आट्यांमधल्या ढिलेपणाची चूक) आलाच. मीटरपट्टीचं टोक झिजलेलं असतं, म्हणून १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा.

आता लोलक. वेळ इथं घालवा. दोरा शिवणकामाचा, न ताणणारा घ्या आणि लांबी बॉब (दोऱ्याच्या टोकाचा धातूचा गोळा) लटकवल्यावरच मोजा. लांबी म्हणजे दोरा ज्यात अडकवलाय त्या बुचाच्या फटीपासून बॉबच्या केंद्रापर्यंतचं अंतर. बॉब दोन सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि एक मीटरच्या लोलकात त्रिज्या धरायची राहिली, तर g एक टक्क्यानं कमी येतो. झोका लहान ठेवा. दहा अंशांपर्यंत दोलनकालात जेमतेम ०.२ टक्के फरक पडतो, तीस अंशांवर तोच १.७ टक्के होतो. पंखा बंद करा. (उकडतं हे खरं, पण घामानं रीडिंग बदलत नाही, वाऱ्यानं बदलतं.) उन्हाळ्यात स्टीलची पट्टी वाढली असेल, अशी सबब जर्नलमध्ये लिहू नका. तापमान वीस अंशांनी चढलं तरी मीटरभर स्टील पाव मिलिमीटरसुद्धा वाढत नाही.

मोजायला सुरुवात बॉब मधल्या स्थितीतून जाताना करा, टोकाला असताना नाही. टोकाशी तो रेंगाळतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही. मोजायचं असं : तीन, दोन, एक, शून्य, आणि शून्याला बटण. घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हणाल तर वीस म्हणून एकोणीसच दोलनं मोजली जातात आणि g १०.८ च्या जवळ जातो. एक दोलन जास्त मोजलं गेलं तर तो ८.९ च्या आसपास उतरतो. हे दोन आकडे ओळखीचे करून ठेवा. आपलं उत्तर त्यांच्याजवळ दिसलं तर बाकी काही तपासण्याआधी मोजणी तपासा.

स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारा अंगठा तुमचा आहे. डोळ्यांनी पाहून दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. दोन सेकंदांच्या एकाच दोलनात ०.२ सेकंद म्हणजे १० टक्के. वीस दोलनांच्या चाळीस सेकंदांत तेच अर्धा टक्का. वीस दोलनं घ्यायची ती यासाठी.

घरी एक गणित पूर्ण सोडवून बघा. लांबी १००.० सेंटिमीटर, तीत ०.२ ची अनिश्चितता. वीस दोलनांची पाच रीडिंग धरा : ४०.१, ४०.३, ४०.०, ४०.४, ४०.२. सरासरी ४०.२, आणि सरासरीपासूनच्या अंतरांची सरासरी ०.१२. म्हणजे वेळेत ०.३ टक्के. g = ४π²L/T² या सूत्रात T चा, म्हणजे एका दोलनाच्या वेळेचा, वर्ग आहे म्हणून ते दुप्पट, ०.६. त्यात लांबीचे ०.२ मिळवले की ०.८ टक्के. g येतो ९.७७, त्याचे ०.८ टक्के ०.०८. लिहायचं ९.७७ ± ०.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग. कॅल्क्युलेटरवरचे पुढचे सगळे आकडे सोडून द्या. अनिश्चितता दुसऱ्या दशांश स्थळी असताना सातवं स्थळ लिहिण्यात काय हशील? आता ९.७८ हा आकडा ९.६९ ते ९.८५ या पट्ट्यात बसतो का, ते बघा. बसतो, विषय संपला. उत्तर ९.५२ ± ०.०५ आलं असतं तर ते पट्ट्याच्या बरंच बाहेर आहे, आणि कितीही वेळा तीच रीडिंग घेऊन सुधारणार नाही. कारण शोधायचं : त्रिज्या राहिली की दोरा ताणला गेला. पुस्तकातल्या आकड्यातून आपला वजा करून काढलेली टक्केवारी अनेक जर्नलमध्ये ‘एरर’ म्हणून मिरवते. ती फक्त फरक सांगते. तो फरक मोठा की लहान, हे ± नंतरचा आकडा सांगतो.

वेळ असेल तर चार-पाच लांब्या घेऊन L विरुद्ध T² आलेख काढा. त्रिज्या धरायची विसरलात तरी रेषेचा उतार तोच राहतो, फक्त रेषा शून्यातून जात नाही. एका लांबीच्या गणितात लपलेली चूक आलेखात डोळ्यांना दिसते.

तारेच्या रोधकतेच्या प्रयोगात सगळी भीती व्यासाची. ०.४० मिलिमीटरच्या तारेत ०.०१ म्हणजे अडीच टक्के, आणि तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येत असल्यामुळे पाच. लांबी कितीही काळजीनं मोजली तरी त्याची भरपाई होत नाही, म्हणून व्यास चार-पाच ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा घ्या. मीटर ब्रिजवर (मीटरभर तारेवर रोध मोजण्याचं उपकरण) नल पॉइंट, म्हणजे गॅल्व्हॅनोमीटर शून्य दाखवतो ती जागा, ४० ते ६० सेंटिमीटरच्या मध्ये आणा. एक मिलिमीटरची चूक मध्यावर ०.४ टक्के पडते, दहा सेंटिमीटरवर १.१.

जर्नल पेनानंच लिहा. चुकलेल्या रीडिंगवर एकच रेघ मारा, खाडाखोड नको. ‘मानवी चुकीमुळे फरक आला’ हे वाक्य काढून टाका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. आणि उत्तरावरून मागे जात रीडिंग बसवू नका. बसवलेली रीडिंग एकसारखी गुळगुळीत असतात, एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, ती लगेच कळतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांब भुजांचं लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र, उभं राहायचं आहे. अमेरिकेतल्या लायगोनं २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा एका कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या ३६ पट, अधिक ५ किंवा उणे ४, असं छापलं होतं. त्यांना ± लिहायला लाज वाटली नाही.

तोंडी परीक्षेत हा प्रश्न येऊ शकतो : वीसऐवजी दहाच दोलनं घेतली तर? वेळेतली अनिश्चितता तेवढीच, ०.१२ सेकंद, वेळ मात्र निम्मा. म्हणून ०.३ चे ०.६ टक्के, वर्गामुळे १.२, लांबीचे धरून १.४. उत्तरापुढे ± ०.१४.