परीक्षेचीही रंगीत तालीम करा

नववीत असताना गावच्या जत्रेतल्या नाटकात मला पहिल्यांदा भूमिका मिळाली. शिपायाची, चार वाक्यांची. पडदा वर गेला, समोर अख्खा गाव बसलेला दिसला आणि दुसरं वाक्य डोक्यातून पुसलं गेलं. जीभ टाळ्याला चिकटली. विंगेतून प्रॉम्प्टरने शब्द दिला म्हणून निभावलं. आज मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मुलांना शिकवतो आणि प्रत्येक परीक्षेनंतर कुणी ना कुणी तेच येऊन सांगतं: "सर, घरा सगळें येतालें, पेपर पळयलो आनी सगळें गेलें." (घरी सगळं येत होतं, पेपर पाहिला आणि सगळं गेलं.)

गोव्यात गावोगावी नाटकं बसतात. आधी वाचन, मग उभ्या तालमी, मग संहिता हातात न घेता तालमी आणि शेवटी वेशभूषेसह, दिव्यांसह रंगीत तालीम. संहिता चाळीस वेळा वाचली म्हणून कुणी थेट रंगमंचावर जात नाही. अभ्यासात मात्र आपली मुलं नेमकं तेच करतात. वाचतात, पुन्हा वाचतात, अधोरेखित करतात आणि सरळ परीक्षेला बसतात. खाली दिलेल्या पायऱ्या मी वर्गात वापरतो. परीक्षेला दोन-तीन महिने असताना सुरुवात केलीत तर उत्तम.

पहिली पायरी: नेमकं कुठे अडलंय ते शोधा

"अभ्यासात मन लागत नाही" असं मूल म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा ते कुठेतरी अडलेलं असतं आणि ते सांगायची त्याला लाज वाटत असते. आपल्याकडे याचं एक मोठं कारण भाषेत आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीत जातं आणि विज्ञान, गणित, इतिहास एकदम इंग्रजीतून सुरू होतात. घरात कोकणी, शाळेत कालपर्यंत मराठी, आज इंग्रजी. त्याला विषय कळत असतो, पण वाक्य कळत नाही. वर्षभर असं गेलं की "मला येतच नाही" हे त्याच्या मनात पक्कं बसतं. मग पुस्तक उघडावंसं कसं वाटेल? अशा मुलाला आळशी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

उपाय असा. एक परिच्छेद वाचा. पुस्तक बाजूला ठेवा आणि त्यात काय आहे ते आईला, आजीला घरच्या भाषेत सांगा. फोटोसिंथेसिस म्हणजे झाड उन्हाच्या बळावर पानांत स्वतःचं जेवण रांधतं. त्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी वापरतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. एवढं आजीला समजलं म्हणजे तुम्हालाही समजलं. मग तेच इंग्रजीत तीन वाक्यांत लिहा. अडलेले शब्द एका छोट्या वहीत उतरवा, समोर मराठी अर्थ. रोज पाच शब्द पुरेत. आधी समज आपल्या भाषेत, मग मांडणी परीक्षेच्या भाषेत. हा क्रम उलटा केला की घोकंपट्टी सुरू होते.

दुसरी पायरी: इच्छेची वाट न पाहता वेळ ठरवा

"उद्यापासून जोरात अभ्यास" हा बेत टिकत नाही. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला अभ्यास जोडा: बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरून चहा झाला की गणिताची दोन उदाहरणं. दोनच. सुरुवात झाली की पुढची आपोआप सोडवली जातात, आणि नाही सोडवली तरी दोन झालेली असतात. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं उठून फिरणं, आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत. "नव्वद टक्के मिळवायचे" हे आज संध्याकाळी करता येण्यासारखं काम नाही. "समीकरणांची सहा उदाहरणं" हे आहे. झालं की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करा.

चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दिवस, गावची जत्रा, घरचं लग्न यांत अभ्यास होणार नाही. होऊ नये, असंच मला वाटतं. आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजत असताना मुलाला खोलीत कोंडून काही साधत नाही. फक्त पुन्हा बसायची तारीख आधीच ठरवून ठेवा.

तिसरी पायरी: पुस्तक मिटा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. पुस्तक उघडं ठेवून वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलं, असा समज होतो. प्रॉम्प्टर शेजारी उभा असताना प्रत्येक नटाला संवाद पाठ असतात. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

म्हणून धडा वाचून झाला की कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी पुन्हा असाच आठवा. पहिल्यांदा कागद निम्मा रिकामा राहील आणि मूल नाराज होईल. त्याला सांगा की आठवताना होणारी ही ओढाताणच स्मरण पक्कं करते.

चौथी पायरी: रंगीत तालीम

परीक्षेपूर्वी किमान तीन पूर्ण पेपर खऱ्या परिस्थितीत सोडवा. परीक्षेच्याच वेळी, टेबल-खुर्चीवर, घड्याळ लावून, मध्ये न उठता. मागच्या वर्षाची प्रश्नपत्रिका घडी घालून ठेवा आणि वेळ झाल्यावरच उघडा. छातीत थोडी धडधड होईल, आणि ती तशी व्हायलाच हवी. घरी तीनदा सोसलेली धडधड चौथ्यांदा अनोळखी राहत नाही.

तोंडी परीक्षा किंवा वक्तृत्व असेल तर उभं राहून, मोठ्याने बोला. आधी एकट्याने, मग घरच्यांसमोर, मग शेजारच्या दोन-तीन कुटुंबांना अंगणात बोलावून. पहिली दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पाठ हवीत. बहुतेकांची वाचा बसते ती सुरुवातीलाच.

पाचवी पायरी: त्या दिवशीचं शरीर ओळखा

हृदय जोरात धडधडतं, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. हे ॲड्रेनलिनचं काम आहे. शरीर स्नायूंना जास्त रक्त पुरवतं, पचन मंदावतं, तोंडाला कोरड पडते. धावण्याच्या शर्यतीआधीही हेच होतं आणि तेव्हा आपण त्याला भीती म्हणत नाही. म्हणून "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावण्यापेक्षा "माझं शरीर तयार झालंय" असं म्हणा. मग चार आकडे मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी उतरते.

काळजी डोक्यात फिरतच असेल तर पेपरला निघण्यापूर्वी दहा मिनिटं ती कागदावर लिहून काढा, कुणाला न दाखवता. शिकागोतल्या संशोधकांनी २०११ साली हे वर्गातल्या परीक्षेत करून पाहिलं, तेव्हा परीक्षेची जास्त भीती वाटणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला. आदल्या रात्री जागू नका. सकाळी पेज किंवा नेहमीचा पाव-चहा, नवीन काही नको.

पेपर हातात आल्यावर आधी येणारा प्रश्न सोडवा. मध्येच सगळं पुसलं गेलं तर पेन खाली ठेवा, तीन श्वास घ्या आणि त्या विषयाचे आठवतील ते सुटे शब्द पेन्सिलीने कच्च्या कामाच्या जागेत लिहा. एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. तुमचा प्रॉम्प्टर आता तुम्हीच.

पालकांसाठी थोडं

मूल घरी आल्यावर पहिला प्रश्न "किती मिळतील?" असा नको. "कुठे अडलं?" असं विचारा. जत्रेला आलेल्या पाहुण्यांसमोर गुणांची चर्चा सुरू झाली तर विषय बदलणं हे आई-बाबांचं काम आहे. मुलाची झोप उडाली, जेवण सुटलं, शाळेचं नाव काढताच ते रडू लागलं किंवा जगणं नको असं काही बोललं, तर तालमीच्या सल्ल्यावर थांबू नका. डॉक्टरांना भेटा. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस फोनसेवा मोफत आहे आणि दिवसरात्र चालते.

पेपर संपला की बसस्टॉपवर उत्तरं ताडून पाहत उभं राहू नका. घरी जा, जेवा, तासभर झोपा आणि उठल्यावर पुढच्या विषयासाठी कोरा कागद घेऊन बसा.