हेडर टाकी वाहते आहे? बॉलकॉक बदलण्याआधी या चुका टाळा

ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांत माळ्यावर दोन टाक्या असतात. मोठी टाकी नळांना आणि गरम पाण्याच्या सिलिंडरला पाणी पुरवते. शेजारची साधारण १८ लिटरची हेडर टाकी केवळ बॉयलर आणि खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर यांच्यात फिरणाऱ्या पाण्याची तूट भरून काढते आणि ते तापून फुगले की त्याला जागा देते. भिंतीबाहेरच्या ओव्हरफ्लो पाइपातून पाणी ठिबकू लागले की गच्चीवरच्या टाकीची सवय असलेला मराठी माणूस लगेच निदान करून मोकळा होतो: बॉलकॉक गेला. पुष्कळदा ते खरेही ठरते, परंतु नवा बॉलकॉक बसवूनही टाकी वाहतच राहिली, तर दोष बहुधा माळ्यावर नसून खालच्या मजल्यावर असतो.

पहिली चूक म्हणजे कोणती टाकी वाहते आहे हे माळ्यावर चढून न पाहणे. मोठी टाकी वाहत असेल, तर एखाद्या मिक्सर नळातून मुख्य जलवाहिनीचे जोरदार थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपात उलटे शिरत असण्याची शक्यता तपासावी. मोठ्या टाकीतले पाणी गरम लागले, तर मात्र इमर्शन हीटर (सिलिंडरमधले पाणी तापवणारा विजेचा हीटर) आणि बॉयलर तत्काळ बंद करावेत व त्या टाकीखालच्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये. इंग्लंडमधील टाँटन येथे २००६ मध्ये हीटरचा थर्मोस्टॅट बिघडून उकळते पाणी वर चढले, त्या उष्णतेने प्लॅस्टिकची टाकी फाटली आणि खाली झोपलेल्या बाळाचा जीव गेला.

वाहणारी टाकी हेडरचीच असेल, तर पाणी केव्हा वाहते हे पाहावे. हीटिंग चालू असतानाच वाहत असेल, तर टाकी थंड असताना गरजेपेक्षा जास्त भरली जाते, एवढेच बहुधा कारण असते. १० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे तीन टक्के फुगते. म्हणजे यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर तीनेक लिटर पाणी टाकीत परत येते. म्हणून थंड अवस्थेत पाणी फुगा जेमतेम तरंगेल इतकेच ठेवावे. टाकी निम्म्याहून अधिक भरलेली पाहून समाधान मानण्याची सवय येथे नडते.

हीटिंग बंद असतानाही पाणी चढत असेल, तर वायसर झिजला आहे की सिलिंडरच्या आतल्या, बॉयलरचे पाणी ज्यातून फिरते त्या तांब्याच्या वेटोळ्याला छिद्र पडले आहे, हे ठरवावे लागते. मोठ्या टाकीतल्या पाण्याची पातळी सहसा हेडर टाकीपेक्षा उंच असते. त्यामुळे सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातूनही सिलिंडरमधले पाणी वेटोळ्यात शिरते आणि हेडर टाकी भरत राहते. ही परीक्षा घरीही करता येते. बॉयलर आणि इमर्शन हीटर बंद करून यंत्रणा पूर्ण गार होऊ द्यावी, बॉलकॉककडे येणारे पाणी त्याच्या वाल्व्हपाशी बंद करावे, मगाने थोडे पाणी काढून पातळीवर पेन्सिलीची रेघ मारावी आणि रात्रभर थांबावे. पाणी रेघेवरच राहिले तर दोषी बॉलकॉक. वर चढले तर वेटोळे. खात्री करायची असल्यास मोठ्या टाकीतून सिलिंडरकडे जाणारा गेट वाल्व्ह बंद करून खालच्या मजल्यावरचा गरम पाण्याचा नळ धार थांबेपर्यंत सोडावा. छिद्र असेल तर आता दाब उलटतो आणि हेडर टाकीतले पाणी हळूहळू उतरू लागते. अशा वेळी सिलिंडर बदलणे हाच उपाय उरतो, आणि तो खर्चिक असला तरी तिसरा बॉलकॉक आणण्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

तिसरी शक्यता पंपाची. पंप सुरू होताच टाकीवर वळलेल्या व्हेंट पाइपातून गरम पाणी टाकीत पडू लागले, तर पंपाचा वेग जास्त असतो किंवा हेडर टाकीतून येणारा पाइप जिथे मुख्य पाइपाला जुळतो तिथे काळा गाळ साचलेला असतो. हा गाळ लोखंडाचा असतो, त्यामुळे तांब्याच्या पाइपावर तिथे लोहचुंबक चिकटले की तुंबलेली जागा सापडते. त्या जागेचा तुकडा कापून नवा पाइप बसवणे हे गाळ ढोसत बसण्यापेक्षा बरे. पाणी पडते म्हणून व्हेंट पाइपाचे तोंड बंद करणे किंवा त्यावर झडप बसवणे ही मात्र अक्षम्य चूक आहे, कारण बॉयलर अति तापल्यास वाफेला बाहेर पडण्याची तीच वाट असते.

बरेच दिवस टाकी वाहिली असेल, तर पाण्यात मिसळलेले गंजरोधक रसायनही वाहून गेलेले असते आणि नव्या पाण्यातला प्राणवायू रेडिएटर आतून खाऊ लागतो. दुरुस्तीनंतर ते रसायन यंत्रणेत पुन्हा घालून घ्यावे.