दिवाळी पहाटेला गाणार असाल तर

पहाटेचा गळा वेगळा असतो. संध्याकाळी आपण मंचावर बसतो तोवर दिवसभराच्या बोलण्याने तो मोकळा झालेला असतो. पहाटे पाचला मात्र तो जड आणि थोडा घोगरा असतो, कारण रात्रभर आडवं राहिल्याने स्वरतंतूंना किंचित सूज आलेली असते. म्हणून पहिली तयारी आठ दिवस आधीची: रियाज पहाटेवर आणा. साडेचारला उठा, तानपुरा लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं फक्त खर्ज भरा. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, एकेक स्वर श्वास पुरेल तेवढाच धरायचा, वर जायची घाई करायची नाही. आठव्या दिवशी त्या वेळेला गळा आपणहून जागा होतो. एका दिवसाच्या गजराने हे साधत नाही.

आता राग. उघड्यावरच्या कार्यक्रमाला ध्वनिक्षेपक पहाटे सहाच्या आधी लावता येत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. ऑक्टोबर संपताना पुण्यात साधारण साडेसहाला उजाडतं. म्हणजे ललित हा उजाडण्याआधीचा राग गायचा असेल, तर हातात जेमतेम अर्धा तास असतो. आयोजकांची भाषणं आणि दीपप्रज्वलन गाण्यानंतर ठेवा, असं आठवडाभर आधीच सांगा. संकोच करू नका. ललितचे दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र 'म', एकापाठोपाठ अंधारात ऐकणं आणि डोक्यावर ऊन आल्यावर ऐकणं यात फार अंतर आहे, आणि वर्षातून एकदाच अशी वेळ श्रोत्यांच्या वाट्याला येते.

ललितमध्ये पंचम, म्हणजे 'प', नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावावी लागते. पुढे पंचमाचा राग किंवा अभंग घेणार असाल, तर ती तार मंचावर पुन्हा चढवावी लागेल. ही बदलाबदल घरी दोन-तीनदा करून बघा. थंडीत तारा आखडून स्वर चढतो, दवाने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल होऊन स्वर उतरतो, आणि मोकळ्या मैदानात दोन्ही एकदम होतं. वाद्यं मंचावर अर्धा तास आधी गवसणीतून बाहेर काढून ठेवा, तिथल्या हवेला रुळू द्या, मग लावा. जवारीचा दोरा, म्हणजे नाद खुलवायला घोडीवर तारेखाली सरकवतात तो, जास्तीचा घ्या. मिरजेचा जुना तानपुरा असेल तर तो हातात धरून न्या, टेम्पोत सामानाबरोबर टाकू नका. भोपळ्याला धक्का लागला की वर्षानुवर्षांचा नाद जातो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा चार्ज करून सोबत ठेवा, पण आधारापुरता.

सहाच्या आधी स्पीकर नाही म्हटल्यावर साउंड चेक आदल्या संध्याकाळीच उरकावा लागतो. तिथे एकच गोष्ट आग्रहाने मागा: मॉनिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तानपुरा आणि स्वतःचा आवाज. आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाही की माणूस नकळत ओढून गातो, आणि तासाभरात गळा दमतो. तबला मॉनिटरमध्ये कमी असला तरी चालतं, तो शेजारीच असतो.

गळ्याला सगळ्यात जास्त धोका घरातल्या स्वयंपाकघरात असतो, हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी आदल्या दिवशी दुपारभर चकल्या तळल्या, रात्री साडेदहाला जेवले आणि तीनला उठले. खर्ज छान लागला. तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, आवाज चिरकला आणि मग वर गेलाच नाही. उरलेला तास मी मध्य सप्तकातच काढला. तळणाचा धूर घशात बसतो. उशिरा जेवून आडवं झालं की पित्त वर येऊन स्वरतंतूंना भाजतं, छातीत जळजळ न होताही. तेव्हापासून तळण चार दिवस आधी होतं, आणि आदल्या रात्री मी सातला मऊ भात, तूप, मुगाचं वरण खाते.

पाण्याचं गणितही आदल्या दिवसाचं. प्यालेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना थेट लागत नाही. शरीरात मुरून तिथवर पोचायला त्याला वेळ लागतो. मंचावरचा घोट कोरडं तोंड ओलं करतो, एवढंच. वाफ मात्र थेट पोचते, म्हणून अभ्यंगस्नानाच्या वाफेत पाच मिनिटं शांत श्वास घ्या, आणि केस पूर्ण वाळवूनच बाहेर पडा. कंकोळ, खडीसाखर, ज्येष्ठमध तोंडात धरायला हरकत नाही, पण रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध नेमाने नको. सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, त्यातल्या बऱ्याच घसा कोरडा करतात. घसा खाकरू नका. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी आवंढा गिळा. मैदानात जाताना फटाक्यांचा धूर असतोच, तेव्हा नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा.

आवाज बसलाच असेल तर कुजबुजत बोलू नका, गप्प राहा. दोन-तीन आठवडे घोगरेपणा टिकला तर घरगुती काढे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीने स्वरतंतू दाखवून घ्या. गाणाऱ्याने यात टाळाटाळ करणं मला बघवत नाही.

पिशवीत शाल, थर्मासमध्ये कोमट पाणी, बंदिशींची वही, चष्मा. बस्स.

ऐकायला येणार असाल तर दहा मिनिटं आधी या, सतरंजीवर पुढे बसा, मोबाईल बंद करा. तानपुरे जुळत असतात तेव्हा गप्पा मारू नका. जवारी उघडली की तारेतून न छेडलेला गंधार, म्हणजे 'ग', आपोआप ऐकू यायला लागतो. तो एकदा कानाला सापडला की पुढचा तास गायक त्याच्यातच कसा स्वर मिसळतो ते कळत जातं. गाण्यातली एखादी जागा आवडली तर दाद द्या, मोकळेपणी द्या. सकाळी सहाला आलेली एक 'वा' आम्हाला दिवसभर पुरते.

गाणं संपलं की लोक भेटायला येतात, स्पीकरवर निवेदन चालू असतं आणि आपण त्यावर मोठ्याने बोलू लागतो. तापलेल्या गळ्याला हेच जास्त लागतं. मंचामागे जाऊन पाच मिनिटं ओठ मिटून हलका हुंकार भरा, खाली खाली उतरत, खर्जापर्यंत. मग बाहेर या, सगळ्यांना भेटा, आणि चकली आता खा.