बालीचे जुने फोटो वाचताना आधी क्रिस या कट्यारीची मूठ बघा

बालीच्या नृत्यावर काम करायचं तर जुन्या फोटोंशी गाठ पडणारच. लेगोंग (मुलींचं नृत्य), बारिस (योद्ध्याचं नृत्य), गामेलान (तिथला वाद्यवृंद) हे शब्द पुढे येत राहतील. मी भरतनाट्यम करून तिकडे वळले, बालीची राजधानी देनपसार इथे वर्षभर शिकले आणि फोटोंच्या एका संचाने माझा शोधनिबंध बुडवला. त्याबद्दल बोलताना अजूनही घसा दाटतो.

१९३० च्या सुमाराचे बारिस नर्तकांचे ११ फोटो मला स्कॅन करून मिळाले होते. सगळ्यांत डावा अगेम, म्हणजे नर्तकाची मूळ उभी ठेवण. उजव्या अगेममध्ये वजन उजव्या पायावर, उजवा हात डोळ्याच्या रेषेत आणि डावा छातीच्या रेषेत असतो. डाव्यात नेमकं उलट. त्यावरून मी अख्खं प्रकरण लिहिलं, की त्या काळी डाव्या बाजूला जास्त मान होता. तीन महिने गेले त्यात. मग गामेलान वाजवणाऱ्या एका आजोबांनी फोटोत मागे बसलेल्या वादकांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे सगळे डावखुरे कसे?"

फोटो उलटे होते. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर रसायनाचा थर एकाच बाजूला असतो. छापताना किंवा स्कॅन करताना काच पालथी पडली की सगळं आरशातल्यासारखं फिरतं. झाडं, घरं, माणसं यांत ते कळतही नाही. नृत्यात मात्र अर्थच बदलतो. म्हणून अगेमकडे बघण्याआधी तीन गोष्टी तपासा. पाठीला खोवलेल्या क्रिसची मूठ उजव्या खांद्यामागे दिसते का? गांग्साच्या (धातूच्या पट्ट्यांचं गामेलानमधलं वाद्य) लांब, खर्जाच्या पट्ट्या वादकाच्या डाव्या हाताला आहेत का? वाजवायची हातोडी उजव्या हातात आणि पट्टी दाबून नाद थांबवणारा हात डावा आहे का? एक जरी उत्तर ‘नाही’ आलं, तरी त्या फोटोवरून डावं-उजवं ठरवू नका. क्रिस नाही, वाद्यही नाही, असा फोटो असेल तर तो मुद्दा सोडून द्या. खरंच सोडून द्या.

घाबरू मात्र नका. बहुतेक फोटो सुलटेच असतात आणि आठवडाभरात डोळा तयार होतो.

फोटो रंगवून देणाऱ्या ॲपचा मला मनापासून राग आहे. त्या काळच्या पुष्कळ काचांना लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा. ॲप त्या काळ्यालाच खरं मानून पुढे रंग भरतं. आणि केचक, म्हणजे पुरुषांच्या ‘चक-चक’ घोषावर चालणारं नृत्य, १९१२ च्या फोटोंत शोधत बसू नका. आज पर्यटकांपुढे होतो तो केचक १९३० च्या दशकात घडला.

सुरुवात नृत्याच्या फोटोंपासून करू नका, असं माझं ठाम मत आहे. त्यांतले कितीतरी नर्तकांना खास उभं करून काढलेले आहेत. १९१२ मध्ये बालीतल्या बांगलीत आलेल्या ग्रेगोर क्राउझ या जर्मन डॉक्टरने बाजार, आंघोळ, भातशेती, अंत्यविधी असं सगळं टिपलं. डोक्यावर नैवेद्याची उतरंड घेऊन देवळाकडे निघालेली बाई बघा. मान स्थिर, पाठ ताठ, हालचाल सगळी कमरेखाली. ही पाठ ओळखीची झाली की लेगोंग कळायला लागतं. नदीवर आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो परदेशात चवीने पाहिले गेले. तुमच्या निबंधात गरज नसेल तर ते घालू नका.

मग मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञांचे १९३६ नंतरचे फोटो बघायला घ्या. त्यांत बालीतल्या ताबानानचा थोर नर्तक मारिओ एका मुलाला शिकवतोय. तोंडी सूचना देत बसण्याऐवजी मागे उभा राहून त्याची मनगटं धरून तो ती फिरवतो. नुसते व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हा स्पर्श कधीच मिळत नाही. बालीत कुणी वर्गात येऊ दिलं तर समोर बसू नका, गुरूच्या मागे जागा मागा. समोरून तुम्हाला पुन्हा सगळं उलटंच दिसेल.