आउटबोर्ड मशीनचा बझर वाजतोय? ऑइल कुठं अडलंय ते असं शोधा

खाडीत होडीच्या मागं लावलेली आउटबोर्ड मशीन चालू असताना धोक्याचा बझर वाजला की बरेच जण पहिलं काय करतात तर तो आवाज कसा बंद होईल ते बघतात. वायर उपसून टेप गुंडाळलेल्या होड्या नवी मुंबईत दिवाळे गावाला पण दिसतील आणि ठाण्यात चेंदणीला पण. टू स्ट्रोक मशीनमध्ये फोर स्ट्रोकसारखं खाली ऑइल साठलेलं नसतं, पेट्रोलबरोबर जेवढं ऑइल आत जातं तेवढ्यावरच क्रँकचे बेअरिंग आणि पिस्टन जगतात, ते तुटलं आणि तुम्ही फुल थ्रॉटलवर असाल तर पिस्टन चिकटायला काही मिनिटं पुरतात. त्यामुळं बझर वाजला की आधी थ्रॉटल खाली, न्यूट्रल, मशीन बंद. ओहोटी बाहेर ओढत असेल तर नांगर टाका आणि मग निवांत कव्हर उघडा.

हे सगळं मी मुख्यतः टू स्ट्रोक ऑइल इंजेक्शनवाल्या मशीनबद्दल लिहितोय, म्हणजे जिथं ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप स्वतःच ऑइल सोडतो. तुमची छोटी मशीन असेल, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी, तर तिच्यात पंप वगैरे काही नाही, तिथं तक्रार एकच असू शकते, ऑइल कमी पडलं किंवा चुकीचं पडलं. फोर स्ट्रोकचं शेवटाकडं थोडक्यात सांगतो.

आता पहिला प्रश्न, बझर नक्की कशासाठी वाजतोय? कारण बहुतेक मशीनमध्ये बझर एकच असतो आणि मशीन गरम झाली तरी तोच वाजतो. काही मॉडेलमध्ये एकसारखा आवाज म्हणजे गरम आणि तुटक आवाज म्हणजे ऑइल असं असतं, पण हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून तुमच्या मशीनच्या मॅन्युअलचं ते एक पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पॅनलवर लाइट असेल तर तो बघा. नाहीतर सरळ मागं बघा, मशीनला थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी व्यवस्थित उडतेय का. ठाणे खाडीत हे पहिलं बघायचं कारण म्हणजे प्लास्टिक. ऐरोलीपासून वाशीच्या पुलापर्यंत ओहोटीला चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगोंना ते बरंय पण मशीनला नाही, पाणी ओढायच्या जाळीवर एक पिशवी बसली की संपलं. मशीन बंद करून वर उचला, पिशवी काढा, पिचकारीच्या भोकात चिखल असेल तर बारीक तार घाला. थंड झाल्यावर परत चालू करून पिचकारी जोरात आली आणि बझर गेला तर ऑइलच्या भानगडीत पडूच नका, तुमचं काम झालं.

पिचकारी चांगली आहे आणि तरी वाजतोय, तर मग ऑइल.

टाकी बघा. हसू नका, निम्म्या वेळा टाकीच रिकामी असते, आणि यात एक गंमत आहे की यामाहाच्या मोठ्या मशीनमध्ये टाक्या दोन असतात, एक होडीत मोठी आणि एक मशीनवर छोटी, मोठीतून छोटीत ऑइल इलेक्ट्रिक पंपानं चढतं. म्हणजे होडीतली टाकी गच्च भरलेली आणि मशीनवरची कोरडी असं होऊ शकतं, आणि माणूस म्हणतो ऑइल तर आहे की. तसं दिसलं तर फ्यूज, त्या पंपाचे कनेक्टर आणि बॅटरीचे टर्मिनल आधी बघा, खाऱ्या हवेत हिरवट गंज तिथंच धरतो. या मशीनवर इमर्जन्सी स्विच पण असतो, तो दाबून धरला की पंप जबरदस्तीनं चालतो. दाबल्यावर पंप गुणगुणला आणि ऑइल चढलं तर पंप ठीक आहे, सेन्सरकडं किंवा वायरिंगकडं बघायचं. आवाजच नाही आला तर करंट पोचत नाहीये, नाहीतर पंप गेलाय.

पाण्यात असतानाच टाकी कोरडी निघाली किंवा पंपावर भरवसा राहिला नाही तर घरी यायचा मार्ग सोपाय, पेट्रोलच्या टाकीतच ऑइल मिसळा. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, २० लिटर पेट्रोल असेल तर ४०० मिली. घालून टाकी चांगली हलवायची. पण एक लक्षात ठेवा, पाइपात, फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये आधीचं साधं पेट्रोल अजून भरलेलंच आहे, ते संपेपर्यंत मशीन हळू चालवा, लगेच थ्रॉटल ओढू नका. इंजेक्शन मधूनच चालू झालं तर दुप्पट ऑइल जाईल, धूर होईल, प्लग काळे पडतील, पडू देत, प्लग बदलता येतो. म्हणून होडीत एक लिटरची बाटली आणि मापाचं भांडं कायम पाहिजे. आणि त्या बाटलीवर टीसी-डब्ल्यू३ (TC-W3) लिहिलेलं असायला हवं, म्हणजे पाण्यानं थंड होणाऱ्या टू स्ट्रोकसाठीचं ऑइल. स्कूटरचं टू-टी (2T) ऑइल स्वस्त पडतं म्हणून लोक घालतात, पण ते हवेनं थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी बनलेलं असतं, आउटबोर्डमध्ये त्याचा कार्बन साठतो. अडल्यावेळी काहीच नसण्यापेक्षा ते बरं, रोजला नको.

आता जेट्टीवर आलात, नाखवा तुमच्या डोक्यावर उभा आहे की उद्याच्या भरतीला जायचंय, आणि आजूबाजूचे सगळे सांगतायत की पंप गेला, पंप बदल. थांबा. पंप खूप उशिरा मरतो, त्याच्या आधीच्या रस्त्यात दहा गोष्टी बिघडतात आणि त्या सगळ्या फुकटात नाहीतर शे-दोनशेत निघतात. नियम एकच, टाकीपासून मशीनकडं चालत जायचं, मधे उडी मारायची नाही. सगळ्यात आधी वर सांगितल्यासारखं पेट्रोलमध्ये ५०:१ ऑइल घाला आणि पूर्ण तपास होईपर्यंत त्याच पेट्रोलवर मशीन चालवा, म्हणजे तपासता तपासता मशीन जायला नको.

टाकीच्या तळाशी पाणी आहे का बघा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी ओढून ठेवलेली, टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर दोन महिन्यांत आत पाणी जातंच. पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि ऑइलचा पाइप बहुतेक खालूनच निघतो, म्हणजे मशीनला ऑइलच्या जागी पहिलं पाणीच मिळतं. काचेच्या बरणीत तळातलं थोडं काढून रात्रभर ठेवा, सकाळी दोन थर दिसले की समजलं. टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करा, उरलेलं ऑइल परत गाळून वापरायच्या नादी लागू नका.

मग जाळी. टाकीच्या तोंडाशी किंवा सेन्सरच्या खाली बारीक जाळी असते. दोन वेगळ्या कंपन्यांची ऑइलं एकात एक ओतली की कधी कधी त्याची जेली बनते, चिकट गोळा, तो या जाळीवर बसतो. फुल थ्रॉटलला बझर आणि हळू चालवलं की गप्प असं होत असेल तर माझा पहिला संशय या जाळीवर असतो, कारण थोडं ऑइल जातंय पण जास्त मागितलं की पुरत नाही. पेट्रोलनं धुवा, हवा मारा, फाटली असेल तर नवी बसवा.

पाइप हातानं चाचपून बघा, वाकवून बघा. उन्हात पाइप कडक होतात आणि बरोबर क्लॅम्पच्या कडेला चीर जाते. इथं लोक फसतात, ऑइल बाहेर गळत नाही म्हणून पाइप चांगला आहे असं म्हणतात, पण पंप जिथून ऑइल ओढतो तिथं चीर असेल तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पारदर्शक पाइप असेल तर बुडबुडे दिसतील. कडक झालेली दोन टोकं कापून परत बसवण्यापेक्षा तेवढा पाइप नवा टाका, आतला व्यास तोच ठेवा. मर्क्युरीच्या काही मशीनमध्ये होडीतल्या टाकीवर मशीनमधूनच थोडं प्रेशर येतं आणि त्या प्रेशरनं ऑइल वर ढकललं जातं, तिथं टाकीचं झाकण ढिलं असलं किंवा त्याचं सील गेलं असलं तरी ऑइल चढत नाही. झाकण घट्ट करून बघायला पैसे लागत नाहीत.

पाइप काढला की हवा शिरली, आणि हवा काढल्याशिवाय मशीन चालवायची नाही. टाकी भरा, पंपाखाली फडकं धरा, पंपावरचा हवा काढायचा स्क्रू थोडा ढिला करा. आधी बुडबुडे येतील, मग फेस, मग सलग ऑइल, तेव्हाच स्क्रू घट्ट करा. स्क्रूखालचा वॉशर हरवू नका, तो चिखलात पडला की सापडत नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं निघालं तरच पंपावर या. ड्रममध्ये पाणी भरून मशीन त्यात उभी करा, पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर पाहिजे, गियर न्यूट्रल, पंखा काढलेला असेल तर उत्तम. पंपातून इंजिनकडं जाणारे बारीक पाइप असतात, त्यातला एक काढून मशीन आयडलला चालवा. फवारा येईल अशी अपेक्षा ठेवू नका, आयडलला पंप अगदी थेंब थेंब देतो, आणि तेवढंच बघून पंप बाद ठरवणारे मेकॅनिक पण आहेत. पंपावरची जी कांडी थ्रॉटलला जोडलेली असते ती हातानं पूर्ण उघडी करा, मशीनचा स्पीड न वाढवता फक्त कांडी. थेंब भराभर यायला लागले तर पंप जिवंत आहे. नाही वाढले तर पंप. असंच एक एक करून सगळे पाइप बघा, सगळ्यांचे थेंब साधारण सारखे यायला हवेत.

थेंब ठीक आहेत पण कांडी चुकीच्या जागी आहे असंही होतं, कोणीतरी कार्बोरेटर काढून परत बसवताना तिचं सेटिंग हललेलं असतं. पंपावर आणि कांडीवर खुणा असतात, मॅन्युअलमध्ये जशा सांगितल्यात तशा जुळवा. बारीक पाइपांच्या टोकाला एकाच दिशेनं ऑइल सोडणारे व्हॉल्व्ह असतात, त्यांच्यावर बाण असतो. सिरिंजनं हवा मारून बघा, बाणाच्या दिशेनं जायला हवी आणि उलटी जायला नको. दोन्हीकडून बंद असेल तर तो सिलिंडर उपाशी आहे, आणि हे वाईट कारण सेन्सर टाकीत असतो, एकच पाइप बंद झाला तर त्याला कळत नाही आणि बझर वाजत नाही.

काही मशीनमध्ये पंप फिरवणारा गियर प्लास्टिकचा असतो. त्याचे दात गेले की टाकी भरलेली, पाइप चांगले, पण पंप फिरतच नाही. टाकीवर पातळीला टेप लावा आणि एक फेरी मारून या, अर्थात ५०:१ वरच. पातळी अजिबात हलली नाही तर गियर किंवा पंप, दुसरं काही नाही. जुन्या जॉन्सन-एविनरूड मशीनच्या व्हीआरओ (VRO) नावाच्या पद्धतीत पेट्रोल आणि ऑइल एकाच पंपात मिसळतं, १९८४ पासूनची ती पद्धत, तिथं पेट्रोलच्या पाइपात हवा शिरली तरी मिश्रण बिघडतं, म्हणून दोन्ही पाइप बघायचे.

ऑइल सगळीकडं पोचतंय आणि तरी बझर, तर सेन्सर. टाकीतला फ्लोट काढून मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवा आणि फ्लोट हातानं वरखाली करा, एका टोकाला बीप यायला हवी आणि दुसऱ्याला जायला हवी. बऱ्याचदा फ्लोट नुसता चिकटलेला असतो, पुसला की झालं.

पंप महाग आहे म्हणून तो काढून कायम पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, असं बरेच मच्छीमार करतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, रोज माप नीट घालायची शिस्त असेल तर. फक्त पंप तिथंच कोरडा फिरत ठेवू नका, तो घासून मोडतो आणि तुकडे आत जायची भीती असते. पंप काढून तिथं बंद करायची प्लेट बसवा, पाइपांची भोकं बुजवा. आणि ऑइलच्या सेन्सरची वायर काढताना गरम झाल्याचा अलार्म चालू राहतोय ना ते बघून घ्या.

मशीन काही वेळ कोरडी पळाली असेल अशी शंका असेल तर कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. सगळे प्लग काढा, किल स्विचची दोरी काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. आकडा किती आला यापेक्षा आकड्यांत फरक किती आहे ते महत्त्वाचं, एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर उघडावंच लागेल. प्लगच्या टोकावर ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर पिस्टन घासला गेलाय.

फोर स्ट्रोकवाल्यांनी लाल लाइट लागला की मशीन बंद करून ती सरळ उभी करा, थोडं थांबा आणि मग ऑइलची पातळी दाखवणारी काडी बघा, तिरकी असताना काडी खोटं सांगते. ऑइल कमी असेल तर भरा. जास्त झालं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल खाली उतरतंय, सतत हळू आणि थंड चालवलेल्या मशीनमध्ये हे होतं, ते ऑइल पातळ झालेलं असतं, बदलून टाका. दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय, ते मेकॅनिककडंच. पातळी बरोबर असेल तर प्रेशर स्विचची वायर बघा, आणि पंपाला दोष द्यायच्या आधी स्विचच्या जागी साधा प्रेशर गेज लावून खरं प्रेशर मोजून घ्या.

मेकॅनिककडं जायचंच झालं तर त्याला नुसतं बझर वाजतो असं सांगू नका. आयडलला वाजतो की फुल थ्रॉटलला, पिचकारी कशी होती, टाकीची पातळी टेपपासून किती हलली, कुठल्या पाइपाचे थेंब कमी होते, हे कागदावर लिहून द्या.