पैठणीचे दुकान गुगलवर सापडावे म्हणून : संकेतस्थळावरील मजकूर कसा लिहावा

पैठण, वसमत, लातूर अशा गावांतील अनेक दुकानदारांनी आणि उत्पादकांनी अलीकडे स्वतःचे संकेतस्थळ तयार करून घेतले आहे. परंतु त्यांच्या मालाची चौकशी करणारा माणूस गुगलवर शोध घेतो, तेव्हा ते त्याच्यासमोर येतच नाही. याचे मूळ बहुतेक वेळा तांत्रिक बिघाडात नसून मजकुरात असते. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते ते शब्द पानावर नसतात, आणि जो मजकूर असतो तो कोणाच्याच प्रश्नाचे उत्तर देत नाही. येथे पैठणमधील हातमागाच्या पैठणीचे दुकान उदाहरणादाखल घेऊन ही उणीव कशी दूर करावी ते पाहू.

सुरुवात लिहिण्यापासून नव्हे, प्रश्न गोळा करण्यापासून करावी. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आणि फोनवर येणारी विचारणा गिऱ्हाइकाच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावी : ‘हातमागाची पैठणी कितीला पडते’, ‘ओरिजिनल पैठणी कशी ओळखायची’, ‘सेमी पैठणी म्हणजे काय’, ‘लग्नासाठी ऑर्डर दिली तर किती दिवस लागतात’. त्यानंतर हेच शब्द गुगलच्या शोधचौकटीत टाइप करू लागावे आणि खाली कोणत्या सूचना दिसतात तेही टिपून घ्यावे, कारण त्या लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवर बेतलेल्या असतात. अशा प्रत्येक मोठ्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र पान असावे. एकाच पानावर दुकानाचा इतिहास, किमती, साडीची निगा आणि पत्ता कोंबला, तर ते पान नेमके कशाविषयी आहे हे वाचकालाही कळत नाही आणि यंत्रालाही.

‘ओरिजिनल पैठणी कशी ओळखायची’ हे पान घेऊ. त्याचा पहिला परिच्छेदच उत्तर असला पाहिजे : पदर उलटा करून पाहावा; हातमागावर विणलेल्या पदरावरील मोर किंवा कमळ मागच्या बाजूनेही जवळजवळ तसेच स्वच्छ दिसते, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवून नक्षी विणलेली असते, तर यंत्रमागावरील कापडाच्या मागे बहुधा आडवे सुटे धागे किंवा ते कापल्याच्या खुणा दिसतात. त्याखाली एकाच पदराची पुढची आणि मागची अशी दोन छायाचित्रे द्यावीत. मग रेशीम, जर, पदराची लांबी आणि नक्षीचा भरणा यांमुळे किंमत कशी बदलते ते आपल्या मागावरच्या अनुभवातून सांगावे. हे ज्ञान मागावर बसणाऱ्या कारागिराकडे असते, दूरच्या शहरात बसून मजकूर पुरवणाऱ्याकडे नसते; म्हणून इतर संकेतस्थळांवरून उचललेली वाक्ये फिरवून लिहिण्यापेक्षा कारागिराला शेजारी बसवून त्याचे बोलणे उतरवून घेणे माझ्या मते कितीतरी अधिक फलदायी ठरते. ‘पैठणी’ हा शब्द प्रत्येक ओळीत घुसवू नये. अशी पुनरावृत्ती गुगलच्या धोरणांत गैरप्रकार मानली जाते आणि तिने पान मागे पडू शकते.

प्रत्येक पानाला टायटल टॅग म्हणजे शोधनिकालात ठळकपणे दिसणारे शीर्षक असते. अनेक संकेतस्थळांवर तेथे ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ एवढेच लिहिलेले आढळते. त्याऐवजी ‘हातमागाची रेशमी पैठणी : किंमत आणि पदराचे प्रकार | पैठण’ असे लिहिल्यास काय, कोणते आणि कोठे हे तिन्ही एका ओळीत येते. शीर्षकाखालचे छोटे वर्णन, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, क्रमवारीसाठी मोजले जात नाही; पण ते वाचूनच माणूस क्लिक करायचे की नाही ते ठरवतो, म्हणून त्यावर वेळ खर्च करावा. पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी देणाऱ्या कीवर्ड्स मेटा टॅगवर मात्र वेळ घालवू नये, कारण क्रमवारीसाठी आपण तो वापरत नाही असे गुगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे.

मराठवाड्यात गावांच्या नावांचा प्रश्न वेगळाच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. तरीही वेरूळ-अजिंठ्याला येणारा परगावचा पर्यटक अनेकदा जुन्या नावानेच शोध घेतो. पत्त्यात आणि शीर्षकात अधिकृत नाव ठेवावे व मजकुरात एकदा ‘छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून पैठण सुमारे ५० किलोमीटरवर आहे’ असे वाक्य सहजपणे यावे. बरेच मराठी लोक रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून इंग्रजी मजकुराचे वेगळे पान असणेही उपयोगी पडते. दोन भाषा एकाच पानावर मिसळू नयेत; दोन पाने करून ती hreflang या, कोणते पान कोणत्या भाषेतले ते गुगलला सांगणाऱ्या, कोडमधील खुणेने एकमेकांना जोडावीत.

पुढची अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सर्वांत घातक. छापखान्यातील पत्रकाचा मजकूर जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतो आणि तोच पुष्कळदा संकेतस्थळावर चढवला जातो. पडद्यावर सुंदर मराठी दिसते, पण शोधयंत्राला तेथे रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करावी. ती मराठीतच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, अन्यथा तो रूपांतरित करावा किंवा नव्याने टाइप करावा. दरपत्रकाचा फोटो काढून लावणेही टाळावे. चित्रातील अक्षरे यंत्र विश्वासाने वाचेलच असे नाही, म्हणून दर मजकुरातच लिहावेत. प्रत्येक साडीच्या छायाचित्राला ‘बांगडी मोर पदर असलेली जांभळी पैठणी’ असा अल्ट मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, कोडमध्ये द्यावा. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही तोच उपयोगी पडतो.

कॅमेऱ्यातून काढलेली छायाचित्रे आहे त्या आकारात चढवू नयेत, कारण मोठ्या छायाचित्रांमुळे पान हळू उघडते. गुगल प्रामुख्याने मोबाइलवर दिसणारे पान विचारात घेते, आणि पानावरील मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा असा त्याचा निकष आहे.

हे सर्व झाल्यावर संकेतस्थळ गुगल सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत नोंदवावे, साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यादी, सादर करावा आणि नव्या पानाचा पत्ता तपासणीच्या चौकटीत टाकून ते गुगलच्या अनुक्रमणिकेत घेण्याची विनंती करावी. पान दिसू लागण्यास काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. या काळात ‘पहिला क्रमांक हमखास मिळवून देतो’ असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. इतर संकेतस्थळांवरून आपल्या पानाकडे येणारे दुवे विकत घेतले, तर त्यांचाही फायदा होण्याऐवजी तोटाच होण्याची शक्यता असते.

सर्च कन्सोलमधील कामगिरीच्या अहवालात मागील १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्द, पान किती वेळा दिसले आणि किती वेळा उघडले गेले हे आकडे मिळतात. ज्या शब्दांसाठी पान वारंवार दिसते पण उघडले जात नाही, तेथे आधी शीर्षक आणि वर्णन बदलावे. ज्यांसाठी ते अकराव्या ते विसाव्या स्थानाच्या आसपास अडकले आहे, तेथे त्या प्रश्नाचे उत्तर मजकुरात खरोखर पूर्ण आहे का ते तपासून भर घालावी आणि आपल्याच दुसऱ्या पानांवरून त्याला दुवा द्यावा. ज्या शब्दांचा आपण विचारच केला नव्हता ते शब्द त्या अहवालात आढळले, तर पुढचे पान त्यांवरच लिहावे.