वेबसाइट नेमकी कुठे अडते? न्यूरोडायव्हर्जंट परीक्षकांनी एआयच्या मदतीने चाचणी कशी करावी

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जातं. एडीएचडी, ऑटिझम, डिस्लेक्सिया असे वेगळ्या पद्धतीने चालणारे मेंदू म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट. एकदा सात पानी ऑनलाइन फॉर्म भरताना पाचव्या पानावर एक कागद शोधायला उठले. परत येऊन बघते तर ‘सत्र संपले’. पुन्हा पहिल्या पानापासून! आता अशा जागा हुडकणं हेच माझं काम झालंय. त्यात एआयचा चांगला उपयोग होतो, पण त्याला कधी बोलवायचं हे कळलं पाहिजे.

एकच काम ठरवा. ‘साइट बघून सांगा’ म्हटलं की मी तासभर भरकटते. त्यापेक्षा ‘खातं उघडा, पत्ता बदला, बाहेर पडा, संपलं’ एवढंच लिहून द्या. सूचना लांबलचक असेल तर चॅटबॉटकडून ती एका ओळीत एक कृती अशी तोडून घ्या. नाव, पत्ता, फोन नंबर सगळं चाचणीपुरतं खोटं बनवून ठेवा, कारण पुढे स्क्रीनशॉट एआयकडे जाणार आहेत.

काय सोयीचं ते परीक्षकालाच विचारा. ऑटिझम, डिस्लेक्सिया या नुसत्या शब्दांवरून कुणाची गरज कळत नाही. कॅमेरा बंद हवा का? शेजारी कोणी बसलेलं चालेल का? लिहिणं बरं की बोलून टाइप करणं? ‘मनात येईल ते बोलत राहा’ हा चाचणी घेणाऱ्यांचा आवडता आग्रह, पण वाचता वाचता बोलायला लावलं की माझं वाचणंही जातं आणि बोलणंही. आणि हो, या कामाचे पैसे द्या. हा अनुभव फुकट मागायची चीज नाही.

अडलात की तिथेच, तुटक लिहा. व्याकरणाकडे बघू नका. कोणतं पान, काय दिसलं, काय झालं, एवढं पुरे. माझ्या वहीतली एक नोंद:

‘वरचं चित्र सरकलं. ओळ हरवली. तिसऱ्यांदा वाचतेय. चीड.’

एआय यानंतर. हीच नोंद मी एकदा ‘नीट लिहून दे’ म्हणून दिली, तर उत्तर आलं: ‘सरकत्या चित्रांमुळे वापरकर्त्यास किंचित विचलन जाणवले.’ हे ‘किंचित’ आलं कुठून? तीनदा वाचणं गेलं, चीड गेली. हा अहवाल वाचून कुणी काही दुरुस्त करेल का? तेव्हापासून माझी सूचना ठरलेली आहे: ‘माझे शब्द बदलू नकोस. नोंदी पानानुसार लाव, सारख्या तक्रारी एकत्र कर. मी लिहिलं नाही ते भरू नकोस; काही कळलं नाही तर मला विचार.’ मूळ नोंद अहवालात शेजारी राहतेच. चॅटबॉटला ‘तू डिस्लेक्सिया असलेली व्यक्ती आहेस असं समजून साइट तपास’ असं तर कधीच सांगू नका. तो खोळंबत नाही, थकत नाही. तो फक्त अंदाज सांगेल.

निकषांशी जोडा. वेबसाइट सगळ्यांना, अपंग व्यक्तींनाही, वापरता यावी म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने डब्ल्यूसीएजी हे निकष ठरवलेत; त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. कोणती तक्रार कोणत्या निकषात बसते ते एआय पटकन सुचवतो, पण क्रमांक बिनदिक्कत चुकवतोही, म्हणून मूळ पान उघडून पडताळा. माझं सरकतं चित्र २.२.२ क्रमांकाच्या निकषात बसलं: इतर मजकुराच्या जोडीने आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे. फॉर्मच्या मुदतीसाठी २.२.१ आहे. मुदत संपण्याआधी इशारा देऊन, साध्या कृतीने ती वाढवायला निदान २० सेकंद देणं हा त्यातला एक मार्ग. त्याच प्रक्रियेत आधी भरलेली माहिती पुन्हा टाइप करायला लावत असतील तर ३.३.७ बघा. पासवर्ड पेस्ट करू देत नसतील तर ३.३.८. हे शेवटचे दोन्ही निकष २.२ या आवृत्तीतच नव्याने आले.

काही अडचणी मात्र कुठल्याच क्रमांकात बसत नाहीत. ‘जतन करा’ आणि ‘पुढे जा’ ही एकाच रंगाची, एकाच आकाराची दोन बटणं शेजारी शेजारी होती. आधी कोणतं दाबायचं या विचारात मी चार मिनिटं घालवली. स्वयंचलित तपासणीत ते पान बिनचूक निघालं, कारण ती साधनं रंगांचा फरक किंवा चित्राचं सुटलेलं वर्णन पकडतात, माणसाचा गोंधळ नाही. अशा नोंदी ‘निकष नाही’ म्हणून गाळू नका. वेगळ्या शीर्षकाखाली, किती वेळ गेला त्यासकट द्या.

दुरुस्तीनंतर पुन्हा तपासा. तेच काम, तीच खोटी माहिती. फक्त या वेळी माझ्यासोबत एखादा नवा परीक्षकही घ्या. कोणतं बटण आधी दाबायचं ते मला आता पाठ झालंय.